मास्कचा स्पेसर : लहान मुलाच्या दम्यासाठी घेताना नेमके काय पाहावे

लहान मुलाला दम्याचा पंप लिहून देताना डॉक्टर बहुधा त्याच चिठ्ठीवर 'मास्कसह स्पेसर' असेही लिहितात आणि औषधाच्या दुकानात पंपाबरोबर एक प्लॅस्टिकचे नळकांडे आपल्या हाती पडते. औषधाबद्दल दहा शंका विचारणारे पालकही या नळकांड्याबद्दल सहसा काही विचारत नाहीत. दुकानदार जे काढून देईल ते घेऊन घरी येतात. वास्तविक तेच औषध, तोच डोस आणि तेच मूल असले, तरी स्पेसर बरा की वाईट यावर औषध छातीत किती उतरणार हे बऱ्याच अंशी ठरते. माझ्या मुलीसाठी आम्ही दोन वेगवेगळे स्पेसर वापरले. पहिला बाहेरून अस्वलाच्या चित्रांनी मढवलेला, रंगीत. दुसरा पूर्ण पारदर्शक, दिसायला अगदी साधा. कंपन्यांची नावे देत नाही, कारण दोन्ही प्रकारचे स्पेसर अनेकजण बनवतात आणि इथे मुद्दा घडणीचा आहे.

आधी हे नळकांडे करते काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. पंपाची डबी दाबली की औषधाचा फवारा प्रचंड वेगाने बाहेर पडतो. मोठा माणूससुद्धा दाबणे आणि श्वास आत घेणे यांचा मेळ चुकवतो आणि मग बरेचसे औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून तिथेच राहते. स्पेसरमध्ये हा फवारा क्षणभर थांबतो, त्याचा वेग कमी होतो, मोठे थेंब नळकांड्याच्या भिंतींना चिकटतात आणि साधारण 1 ते 5 मायक्रॉन आकाराचे बारीक कण हवेत तरंगत राहतात; फुप्फुसांच्या लहान नळ्यांपर्यंत पोहोचतात ते हेच कण. मास्कच्या अलीकडे एक एकेरी झडप असते. मूल श्वास घेते तेव्हा ती उघडते आणि सोडते तेव्हा मिटते, त्यामुळे उच्छ्वास औषधात मिसळत नाही आणि दाबणे व श्वास घेणे एकाच क्षणी साधण्याची गरज उरत नाही. पंपाचा जन्मही एका लहान मुलीच्या तक्रारीतून झाला, ही यातली गमतीची गोष्ट. 1955 साली रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांच्या दमा असलेल्या तेरा वर्षांच्या मुलीने, केसांवर मारायच्या स्प्रेसारख्या डबीत आपले औषध का मिळू नये, असे विचारले आणि 1956 मध्ये पहिला पंप बाजारात आला. तेरा वर्षांच्या मुलीला जे जमते ते दोन वर्षांच्या बाळाला मात्र जमत नाही, आणि स्पेसर लागतो तो त्यासाठी.

आता मूळ प्रश्न. वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, औषध देणाऱ्याला मुलाचा श्वास डोळ्यांनी दिसतो की नाही, यावरच स्पेसरची निवड करावी. पारदर्शक स्पेसरमध्ये डबी दाबली की पांढुरके धुके दिसते, ते हळूहळू विरळ होताना दिसते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे झडपेचा पातळ पडदा प्रत्येक श्वासाबरोबर हलताना दिसतो. प्रत्येक पफनंतर, म्हणजे डबी एकदा दाबल्यानंतर, मुलाने मास्कमध्ये पाच-सहा शांत श्वास घ्यायचे असतात. झडप हलताना दिसत असेल तर ते मोजता येतात. दिसत नसेल तर आपण फक्त अंदाजाने सेकंद मोजत बसतो आणि तेवढ्या वेळात मुलाने श्वास रोखून धरला असेल तर ते आपल्याला कळतसुद्धा नाही. चित्रांच्या स्पेसरमध्ये नेमके हेच झाले. अस्वलाचे पोट बरोबर झडपेच्या वर छापलेले होते. मूल रमावे म्हणून काढलेल्या चित्राने औषध देणाऱ्याचीच नजर बंद केली होती आणि हे चित्र कुठे छापायचे ते ठरवणाऱ्याने स्वतः कधी एखाद्या चळवळ्या बाळाला पंप दिला नसावा, असे राहून राहून वाटले.

झडप हलते आहे याचा दुसरा अर्थ असा की, मास्क चेहऱ्याला नीट बसला आहे. मास्कची कड नाक आणि तोंड दोन्ही झाकून गालांवर सर्व बाजूंनी टेकली पाहिजे. नाकाच्या दांड्याजवळ किंवा हनुवटीखाली बारीकशी फट राहिली तरी मूल तिथून बाहेरची हवा ओढते, झडप निश्चल राहते आणि औषध नळकांड्यातच पडून राहते. पारदर्शक स्पेसरचा मास्क मऊ सिलिकॉनचा होता आणि त्याची कड आतल्या बाजूला दुमडलेली होती, त्यामुळे हलक्या दाबातही तो गालाला चिकटून बसे. अस्वलाच्या स्पेसरचा मास्क कडक प्लॅस्टिकचा होता. फट राहू नये म्हणून तो जोराने दाबावा लागे, दाबले की मुलगी मान फिरवी आणि मग रडारड. रडताना मूल खोल श्वास घेते, तेव्हा औषध उलट चांगले जाईल, असे घरातली वडीलधारी मंडळी समजूत घालायला सांगतात, पण ते खरे नाही. रडण्यात लांबलचक उच्छ्वास आणि मध्ये छोटे, घाईचे हुंदके असतात. त्या वेगात औषध घशात आणि तोंडात अडकते, फुप्फुसात फारच थोडे उतरते. म्हणून मास्कची कड मऊ असणे ही चैन समजू नये.

चित्रांच्या स्पेसरची आणखी एक खासियत जाहिरातीत ठळकपणे सांगितली होती, ती म्हणजे शिट्टी. मुलाने फार वेगाने श्वास घेतला की ती वाजते आणि आपल्याला सावध करते, अशी योजना. कल्पना चांगली आहे. शांतपणे श्वास घ्यायला शिकलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला तिचा उपयोगही होत असेल. आमच्याकडे मात्र शिट्टी वाजवणे हाच खेळ झाला आणि ती वाजावी म्हणून मुलगी मुद्दाम जोराने श्वास ओढू लागली.

धुण्याबाबत दोन्ही कंपन्यांच्या माहितीपत्रकांनी निराशा केली. प्लॅस्टिकच्या आतल्या पृष्ठभागावर स्थिर विद्युतभार साचतो आणि औषधाचे बारीक कण हवेत तरंगत राहण्याऐवजी भिंतीकडे ओढले जातात. म्हणून साधा प्लॅस्टिकचा नवा स्पेसर वापरण्यापूर्वी आणि पुढेही ठरावीक काळाने कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून त्यात बुडवून ठेवायचा, आतून घासायचा नाही आणि वर काढून उभा ठेवून हवेवरच वाळू द्यायचा. फडक्याने पुसला की घर्षणाने भार पुन्हा तयार होतो आणि धुण्याचा हेतूच बुडतो. साबणाच्या पाण्यातून काढल्यावर विसळायचा की नाही, याबद्दल कंपन्यांच्या सूचना वेगवेगळ्या असतात, तेव्हा तेवढे आपापल्या पत्रकाप्रमाणे करावे. 'पुसू नये' ही सूचना दोन्ही पत्रकांत होती, पण ती का, याचे एका शब्दाचेही स्पष्टीकरण नव्हते आणि अक्षरे इतकी बारीक की वाचायला भिंगच घ्यावे लागावे. कारण कळले नाही की माणूस सूचना सोयीने मोडतो. स्वच्छतेच्या भरात कोरड्या रुमालाने चकचकीत पुसलेले स्पेसर मी अनेक घरांत पाहिले आहेत. ज्यांना ही कटकट नको असेल त्यांच्यासाठी स्थिर विद्युतरोधक प्लॅस्टिकचे आणि धातूचे स्पेसरही मिळतात.

घरी नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे धुके करून देणारे यंत्र, आहे, मग स्पेसर कशाला, हा प्रश्न हमखास विचारला जातो. यंत्राचा आवाज होतो, धूर दिसतो, म्हणून ते अधिक ताकदीचे असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मुलांच्या दम्याच्या सौम्य ते मध्यम तीव्रतेच्या अॅटॅकमध्ये स्पेसरमधून नीट दिलेले रिलिव्हर, म्हणजे त्रास होत असताना लगेच आराम देणारे औषध, नेब्युलायझरइतकेच परिणामकारक ठरते, हे संशोधनातून दिसून आले आहे. शिवाय स्पेसरला वीज लागत नाही, तो पिशवीत मावतो आणि काम काही मिनिटांत होते. अर्थात प्राणवायूची गरज पडेल इतका गंभीर अॅटॅक असेल तर ते घरी सांभाळण्याचे कामच नव्हे. बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, मुलाला धापेमुळे बोलता किंवा पिता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा रिलिव्हर देऊनही आराम पडत नसेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठायचे. किती पफ द्यायचे आणि कधी निघायचे हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद स्पेसरच्या पिशवीतच ठेवावा. ऐन वेळी आठवणीवर विसंबून चालत नाही.

रोजच्या स्टेरॉइडच्या पंपासाठीही हाच स्पेसर वापरला जातो आणि मास्क असल्यामुळे थोडे औषध चेहऱ्याच्या कातडीवर बसते. म्हणून नंतर ओल्या कापडाने तोंडाभोवतीचा भाग पुसावा आणि मुलाला चूळ भरता येत असेल तर भरायला लावावी, नाहीतर घोटभर पाणी द्यावे. त्याने तोंडात पांढरी बुरशी धरण्याचा धोका कमी होतो. दोन पफ सांगितले असतील तर ते एकापाठोपाठ एक नळकांड्यात मारून ठेवायचे नसतात. एक पफ, त्याचे श्वास पूर्ण, पुन्हा पंप हलवणे, मग दुसरा. पंपावर मोजणी दाखवणारी खिडकी नसेल तर तारीख लिहून ठेवलेली बरी: 200 पफचा पंप सकाळी दोन आणि रात्री दोन या हिशेबाने 50 दिवसांत संपतो, परंतु औषध संपल्यावरही डबीतून वायूचा फवारा येत राहतो आणि पंप चालू आहे असा समज होतो.

साधारण चार वर्षांच्या आसपास मूल ओठ घट्ट मिटून तोंडाने श्वास घ्यायला शिकले की मास्क काढून सरळ तोंडाच्या नळीने औषध द्यायचे असते, कारण नाकातून श्वास घेताना काही औषध नाकातच गाळले जाते. पारदर्शक स्पेसरचा मास्क उपसून काढता येतो आणि खाली तोंडाची नळी तयार असते. अस्वलाच्या स्पेसरमध्ये मास्क कायमचा जोडलेला होता. मुलीचा चेहरा वाढल्यावर मोठा मास्क मिळेल का, अशी विचारणा केली तेव्हा मास्क सुटा विकत नाही, पूर्ण संच नव्याने घ्या, असे उत्तर मिळाले. तो आम्ही त्यांच्याकडून घेतला नाही.

गुण द्यायचेच तर चित्रांच्या स्पेसरला पाचपैकी दोन आणि पारदर्शक स्पेसरला साडेचार. कापलेला अर्धा गुण झाकणाचा आहे. ते नळकांड्याला दोरीने किंवा पट्टीने जोडलेले नाही, त्यामुळे हरवायला वेळ लागत नाही, आणि उघड्या स्पेसरमध्ये पिशवीतले मणी, खेळण्याचा तुकडा किंवा एखादे नाणे शिरले तर पुढच्या श्वासाबरोबर ते घशात जाऊ शकते. हा स्पेसर घेणाऱ्यांनी तो झाकण असलेल्या वेगळ्या डब्यात ठेवावा आणि पंप जोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी उजेडाकडे धरून आत पाहून घ्यावे.