दोन गुण्ये आणि बारा त्रिकोण

वडोदऱ्यात दांडिया बाजारात स्टेशनरीच्या एका दुकानात मोठ्या गुण्यांची जोडी मिळते, एक ४५-४५-९० चा आणि एक ३०-६०-९० चा, सोबत एक छापील कार्ड. तिन्ही कोन १५ अंशांच्या पटीत असलेले सगळे त्रिकोण या दोन गुण्यांनी काढता येतात, असं कार्ड म्हणतं. ते खरं आहे. ४५ मधून ३० वजा केले की १५. दोन्ही शेजारी ठेवले की ७५. ६० आणि ४५ चे १०५. ९० ला ३०, ४५ किंवा ६० जोडले की १२०, १३५, १५०. याहून मोठा कोन लागतच नाही, कारण उरलेल्या दोन कोनांना किमान १५-१५ अंश हवेतच.

यादी मात्र चुकली आहे. कार्डावर ११ त्रिकोण आहेत, होतात १२. १८० म्हणजे पंधराचे १२ वाटे. ते तीन कोनांत वाटायचे, क्रम न बघता. सर्वांत लहान कोन १५ धरला तर ५ त्रिकोण, ३० धरला तर ४, ४५ ला २, ६० ला १. गळलाय तो ३०-७५-७५. समद्विभुज त्रिकोणातले समान कोन लहानच असणार असं धरलं की हाच निसटतो, आणि मुलंही नेमकी इथेच अडकतात. तेव्हा कार्डावर तो पेनाने लिहूनच मुलाच्या हातात द्या. बारांपैकी ६ विशालकोन, ३ काटकोन, ३ लघुकोन. हे मोजणं फक्त आकारांचं; बाजू बदलल्या तर समरूप त्रिकोण हवे तेवढे.

आता गुण्ये. ४५ च्या गुण्याच्या एका कडेला साच्याचा बारीक टिपूस राहिलाय, त्यामुळे तो पट्टीला नीट टेकत नाही. पॉलिश पेपरने हलकेच घासला की काम होतं. ब्लेड लावू नका, कडेला खाच पडते.

काटकोन काउंटरवरच तपासा. गुण्या पट्टीला टेकवून उभी रेघ मारा, मग उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी. १५ सेंटिमीटरवर दोन रेघांत १ मिलिमीटर फट दिसली, तर काटकोन सुमारे ०.२ अंशाने चुकलाय. फट चुकीच्या दुप्पट दाखवते. ६० साठी १५ सेंटिमीटरच्या रेघेच्या दोन्ही टोकांवर ६०-६० चे कोन काढा. उरलेल्या बाजूही १५ सेंटिमीटरच भरायला हव्यात; कोन अर्ध्या अंशाने जरी हुकला असला तरी बाजू सव्वादोन मिलिमीटरने चुकते, आणि ते साध्या पट्टीवरही दिसतं.