फास्मरचा रशियन व्युत्पत्तिकोश: बिश्केकमध्ये आठ महिने वापरल्यावर

किर्गिझस्तानची राजधानी बिश्केकला आले तेव्हा रशियन बाजारापुरती येत होती, किर्गिझ अजिबात नाही. पहिल्याच महिन्यात जुन्या पुस्तकांत भाषातज्ज्ञ माक्स फास्मरच्या कोशाचे, म्हणजे रशियन शब्द कुठून आले ते सांगणाऱ्या कोशाचे, चार खंड मिळाले. मूळ कोश जर्मनमध्ये, १९५० ते १९५८ दरम्यान निघालेला. माझ्याकडे आहे तो भाषातज्ज्ञ त्रुबाचोव्हने केलेला रशियन अनुवाद. तेव्हापासून रोज एखादा तरी शब्द शोधते.

सुरुवात कलिंगडापासून झाली. ओश बाजारात एकाच फळाला कोणी ‘अर्बूज’ म्हणतं, कोणी ‘दारबिझ’. पहिला खंड उघडला. रशियन ‘अर्बूज’ तुर्की कुळातल्या भाषांमधून आलेला, आणि त्यांच्याकडे फारसी ‘खरबूजा’वरून. म्हणजे आपलंच खरबूज, फळ तेवढं बदललं! त्यातल्या ‘खर’चा अर्थ गाढव असं फास्मर सांगतो, तेही आपल्याला परकं नाही. युक्रेनीत हाच शब्द ‘हर्बूज’ होऊन भोपळ्याला चिकटलाय.

सर्वात झिजला तो दुसरा खंड. स्वयंपाकघर बरंचसं त्यातच आहे: कायमाक म्हणजे साय, कुमीस म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, इझ्यूम म्हणजे बेदाणे (तुर्कस्तानात ‘उझुम’ म्हणजे द्राक्षं). ‘लापशा’ पाहून मला लापशी आठवली होती, पण तो शेवयांचा शब्द निघाला.

अभिवादनाच्या शब्दांत मात्र कोश फारसा कामी येत नाही. तातारमधून रशियनमध्ये आलेला ‘आयदा’, म्हणजे ‘चल’, सापडतो. पण शेजारच्या एजे (थोरल्या बहिणीला इथे एजे म्हणतात) किर्गिझमध्ये बोलून फोन ठेवताना ‘दावाय’ म्हणतात, तो रशियन शब्द इकडे आला हे कळायला कान उघडे ठेवावे लागतात. रशियनमध्ये काय आलं ते फास्मर सांगतो, तिथून काय बाहेर गेलं ते नाही. कोश रशियनचा आहे, मान्य. तरी इथे राहून ती उणीव रोज जाणवते.

पेल्याचंच घ्या. ‘स्ताकान’ जुन्या रशियनमध्ये ‘दोस्तोकान’ होता. तो फास्मरच्या मते चगताई या मध्य आशियातल्या जुन्या तुर्की कुळातल्या भाषेतल्या ‘तोस्ताकान’वरून, म्हणजे लाकडी वाडग्यावरून आला. कझाकमध्ये ‘तोस्तागान’ आजही वाडगाच. पुढचं अक्षर गमावलेला हा शब्द रशियनमधून किर्गिझमध्ये परत आला, तेव्हा सुरुवातीचं जोडाक्षर जिभेला जड म्हणून त्याला पुढे स्वर लागला: ‘इस्ताकान’. माझी आजी स्टेशनला इस्टेशन म्हणायची. हे कळलं त्या रात्री मला किती तरी वेळ झोप आली नाही.

हा कोश घ्यायचा असेल तर रशियन वाचता यायला हवी. पहिले दोन आठवडे संक्षेप समजून घेण्यातच जातात. चौकोनी कंसातली त्रुबाचोव्हची भर वगळू नका. आणि काही सापडलं नाही म्हणून चिडण्याआधी हेही ध्यानात घ्या, की जानेवारी १९४४ मध्ये बर्लिनवरच्या बाँबहल्ल्यात फास्मरची हस्तलिखितं आणि ग्रंथसंग्रह नष्ट झाला होता.

तिसऱ्या खंडात ‘स्ताकान’च्या समासात मी पेन्सिलीने ‘इस्ताकान’ लिहिलंय. पहिल्या खंडात ‘बुल्का’ या पावाशेजारी किर्गिझ ‘बोल्को’.