६५ वॉटचा गॅन चार्जर: आकार लहान, पण उगाच नाही

लॅपटॉपसोबत आलेली ती काळी वीट रोज कॉलेजात नेऊन खांदा दुखायला लागला, म्हणून अडीच हजारांच्या आसपास हा दोन पोर्टचा गॅन चार्जर घेतला. मी पॉलिटेक्निकमध्ये पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘गॅन’ छापलंय एवढ्यावर माझं समाधान होत नाही.

गॅन म्हणजे गॅलियम नायट्राइड. निळा एलईडी याच पदार्थातून आला आणि त्या कामाला २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नेहमीच्या चिपमधल्या सिलिकॉनचा बँड गॅप, म्हणजे पदार्थातला इलेक्ट्रॉन वाहायला मोकळा करायला लागणारी ऊर्जा, १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट, याचा ३.४. त्यामुळे तेवढंच व्होल्टेज खूप पातळ थरात पेलतं, ट्रान्झिस्टर (चार्जरमधला वीज चालू-बंद करणारा स्विच) लहान होतो आणि दर वेळी चालू-बंद होताना वाया जाणारी ऊर्जा कमी होते. मग त्याला जास्त वेगाने स्विच करता येतं, आणि वारंवारिता वाढली की ट्रान्सफॉर्मर लहान चालतो. चार्जर लहान होतो तो मुख्यतः यामुळे. नुसत्या चिपने असे किती क्यूबिक सेंटिमीटर वाचणार?

इनपुटचा मोठा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवून तिचे चढउतार भरून काढणारा भाग, मात्र होता तेवढाच राहतो. घरातली वीज ५० हर्ट्झचीच, गॅन तिथे काय करणार! उष्णतेने आधी थकतो तोही हाच. म्हणून हा चार्जर उशीखाली, गादीवर ठेवू नका. कार्यक्षमता ९२ टक्के धरली तरी पूर्ण ६५ वॉट देताना साडेपाच-सहा वॉट उष्णता होणारच, आणि आता ती बाहेर पडायला पृष्ठभाग कमी. माझा लॅपटॉप चार्ज करताना चांगला तापतो, पण हात ठेवता येतो.

तक्रारी दोन. दुसऱ्या पोर्टला फोन लावला की लॅपटॉपचं चार्जिंग क्षणभर तुटतं, कारण वॉटची वाटणी नव्याने होते. आणि सगळं वजन पिनांवर असल्याने स्टाफरूममधल्या जुन्या, ढिल्या सॉकेटमध्ये तो लोंबतो. एक्स्टेन्शन बोर्ड आडवा ठेवून मी भागवते.

‘सिलिकॉनचे दिवस संपले’ असं विद्यार्थी उत्साहाने सांगतात. अहो, या चार्जरांतलं गॅन बहुतेक सिलिकॉनच्याच वेफरवर, म्हणजे चिप घडवायच्या पातळ चकतीवर, वाढवलेलं असतं! दोघांची स्फटिकरचना जुळत नाही, तापल्यावर प्रसरणही वेगवेगळं, म्हणून तडे जाऊ नयेत यासाठी मध्ये बफर थर घालावे लागतात. इन्फिनिऑन या जर्मन चिप कंपनीने ३०० मिलिमीटरच्या वेफरवर गॅन जमवल्याचं जाहीर केलं ते २०२४च्या सप्टेंबरात. वेफर मोठा झाला की चिप स्वस्त पडते, तेव्हा किमती उतरतील असं मला वाटतं. प्रोसेसरचं राज्य मात्र सिलिकॉनकडेच राहील, कारण गॅनमध्ये होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, ज्या धन प्रभारासारख्या वाहतात) फार मंद चालतात आणि इलेक्ट्रॉन व होल दोन्हींवर चालणारं, प्रोसेसरमधलं सीमॉस पद्धतीचं लॉजिक नीट बसत नाही. शिवाय गॅलियमचा जवळपास सगळा पुरवठा चीनच्या हातात. २०२३मध्ये त्यांनी निर्यातीवर परवान्याची अट घातली, ते विसरून चालणार नाही.

रोज बॅग घेऊन फिरणाऱ्यांनी जरूर घ्यावा. घरी टेबलावरच चार्ज करणाऱ्यांना जुनी वीट पुरे. घेताना बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, बघा आणि केबल ५ अँपिअरची घ्या. साध्या ३ अँपिअरच्या केबलवर २० व्होल्टला ६० वॉटच मिळतात.