अठ्ठावीस, सव्वीस की चोवीस? हातानं वळलेल्या कॉइलचे आठ महिने

चौदा वर्षं सिगारेट ओढली आणि लेस्टरला आल्यावर व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या आधारानं सोडली. व्हेपच्या टाकीत तारेची गुंडाळी असते, ती कॉइल. तिच्यातून जाणारी कापसाची वात लिक्विड शोषते आणि तार तापली की त्याची वाफ होते. कॉइल नीट नसेल तर घसा जळतो, चव करपते आणि हात परत पाकिटाकडे जायला बघतो, हे दोनदा अनुभवलंय. तारेची जाडी आणि वॅट यांवर एवढं लिहितोय ते त्यासाठीच. ज्यांनी कधी सिगारेटच ओढली नाही त्यांनी या वाटेला अजिबात जाऊ नये. निकोटिनची सवय लागते ती लागतेच.

१ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आली, तेव्हा मी भरून वापरायची टाकी घेतली. तयार कॉइलचं पाच नगांचं पाकीट बारा पाउंडांना पडायचं आणि त्यातली एखादी पहिल्याच दिवशी गळायची. महिनाभर ते सोसलं, मग हातानं कॉइल बसवता येते अशी टाकी आणि कॅन्थल ए-१ या तापवायच्या मिश्रधातूच्या तारेची तीन रिळं आणली: २८, २६ आणि २४ गेज. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते. २८ ची जाडी ०.३२ मिलिमीटर, २६ ची ०.४०, २४ ची ०.५१. मीटरमागे रोध अनुक्रमे साधारण १८, ११ आणि ७ ओहम.

सुरुवात २८ नं केली. अडीच मिलिमीटरच्या दांड्यावर सहा वेढे, रोध १.१ ओहम. बटण दाबताक्षणी वाफ, ओढ थेट सिगारेटसारखी घट्ट. १२ वॅटला सुरेख चालली. पण मला वाटलं, जरा वॅट वाढवले तर वाफही वाढेल. २५ वर नेलं आणि तिसऱ्या झुरक्याला करपलेल्या कापसाचा असा ठसका लागला की दोन दिवस घसा बसला. उघडून पाहिलं तर वातीचा मधला भाग काळा ठिक्कर.

मग २४ गेज. तीन मिलिमीटरवर सहा वेढे, ०.५४ ओहम. त्याच १२ वॅटला ही तार नुसती कोमट व्हायची, बटण दाबून दोन-तीन सेकंद वाट बघायची तेव्हा कुठे जराशी वाफ. कारण उघड आहे. या कॉइलमध्ये धातूच पहिलीच्या तिप्पट आहे, तो आधी तापला पाहिजे. २४ वॅटला खुलली, चव भरदार, पण टाकी दोन मिलिलिटरची (इथल्या नियमानं त्याहून मोठी विकता येत नाही) आणि दिवसाला सात मिलिलिटर लिक्विड जायला लागलं. ऑफिसात सारखी बाटली काढून भरत बसणं मला जमेना. शिवाय वाफ वाढली की निकोटिनही जास्त आत जातं. मिलिलिटरमागे १२ मिलिग्रॅम निकोटिनच्या लिक्विडनं डोकं हलकं व्हायला लागलं, म्हणून ६ वर आलो.

शेवटी २६ गेज, तीन मिलिमीटरवर सहा वेढे, पाय (स्क्रूत अडकणारी दोन टोकं) धरून साडेसात सेंटिमीटर तार, ०.८ ओहम, १८ वॅट. जुलैपासून हीच.

एका रविवारी वही घेऊन बसलो आणि तिन्ही कॉइलच्या वेढ्यांचा पृष्ठभाग काढला. २८ चा साधारण ५३ चौरस मिलिमीटर, २६ चा ८१, २४ चा १०६. ज्या वॅटला मला ती ती कॉइल आवडली होती त्याला या आकड्यानं भागलं, तर तिन्ही वेळा उत्तर एकच आलं: चौरस मिलिमीटरला ०.२२ वॅटच्या आसपास. त्या करपलेल्या दिवशी हाच आकडा ०.४७ होता! तेव्हापासून मी ओहमच्या आकड्यामागे धावत नाही. वॅट ठरवता येणाऱ्या मॉडमध्ये (टाकी ज्यावर बसते तो बॅटरीचा डबा) रोध किती याची काळजी आतला सर्किट बोर्ड घेतो, तुमच्या घशाशी गाठ आहे ती तारेच्या पृष्ठभागाची. तुमचा आकडा ०.१८ असेल किंवा ०.२५. एकदा सापडला की नवीन तारेला कुठून सुरुवात करायची ते आधीच कळतं.

तरीही ओहम बघायचे, पण वेगळ्या कामासाठी. नोव्हेंबरात ऑनलाइन दुसरं रीळ मागवलं, वर २६ छापलेलं. नेहमीसारखी कॉइल वळली तर मॉड १.३ दाखवतोय. स्क्रू घट्ट केले, पाय परत कापले, तेच. व्हर्नियर लावला तर जाडी ०.३२. आत २८ ची तार! विकणाऱ्यानं पैसे परत दिले, पण मी आकडा न बघता १८ वॅटला ओढली असती तर परत ठसका लागायची भीती होती.

बसवल्यावर कापूस घालायच्या आधी कमी वॅटवर बटण दाबून दाबून कॉइल लाल करून बघतो. उजेड मधून सुरू होऊन दोन्ही कडांकडे पसरला पाहिजे. एखादा वेढा किंवा पाय आधी लाल झाला तर सिरॅमिकच्या चिमट्यानं हलकेच चिमटायचं, वेढ्यांवरून खरवडायचं, परत बघायचं. कापसाची वात ओढताना कॉइल जागची हलू नये इतपत सैल हवी. आई फुलवाती करताना कापूस आधी पिंजून मोकळा करायची, अगदी तसाच मोकळा. गच्च भरलात तर वॅट कितीही बरोबर असोत, लिक्विड मध्यापर्यंत पोचतच नाही.

सेलबद्दल हयगय नको. माझा १८६५० मापाचा बॅटरी सेल सलग २० अँपिअर देऊ शकणारा आहे. २४ वॅटला त्यातून साडेसात-आठ अँपिअरच जातात, म्हणून निर्धास्त. पण वरचं प्लास्टिकचं वेष्टण फाटलं की तो सेल वापरायचा नाही, आणि किल्ल्यांबरोबर खिशात सुटा तर कधीच टाकायचा नाही.

डिसेंबरात तीन आठवडे पुण्यात होतो, तेव्हा सगळं सामान इथंच ठेवलं. भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवण सगळ्यालाच बंदी आहे. 'येताना एक घेऊन ये' म्हणणाऱ्या मित्रांना मी स्पष्ट नाही सांगतो. ते दिवस निकोटिनच्या च्युइंगगमवर काढले.

कापूस चार-पाच दिवसांनी बदलतो, कॉइल तीन आठवडे टिकते. गोड लिक्विड असेल तर दोनच, वेढ्यांवर काळा थर चढतो. जुलैपासून दहा-अकरा कॉइल झाल्या, म्हणजे पहिल्या दहा मीटरच्या रिळातली जेमतेम पाऊण मीटर तार गेली.