ओव्हरटाइम बंद, बांगड्या तारण: सोनेतारण कर्जाच्या चार खिडक्यांचं परीक्षण

कारखान्यात मंदी आली की कामगाराच्या पगाराला ती एका फटक्यात लागत नाही, पायरीपायरीनं लागते. 2019 साली वाहन उद्योग थंडावला तेव्हा पुण्याजवळच्या चाकण, भोसरी, तळेगावच्या पट्ट्यात हाच क्रम दिसला होता. आधी ओव्हरटाइम बंद. मग तिसरी पाळी. मग ठेक्यावरच्या पोरांना ब्रेक, आणि शेवटी कायम कामगारांना ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस कारखानाच बंद. ले-ऑफ दिला, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं, तर कायद्यानं मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते, पण त्यासाठी वर्षभराची सलग सेवा लागते आणि कारखान्यात किमान 50 कामगार असावे लागतात. बदली कामगार, म्हणजे दुसऱ्याच्या जागी लावलेला, यात बसत नाही. हजेरी पुस्तकावर ज्याचं नावच नाही, तो तर नाहीच नाही.

घरात त्याचे पडसाद किराण्याच्या यादीत आधी उमटतात. पंधरा किलोचा तेलाचा डबा जाऊन एक लिटरची पिशवी येते, महिन्याचा भरणा जाऊन आठवड्याची खरेदी येते. किलोमागे भाव जास्त पडतो हे कळत असूनही, कारण हातात एकरकमी पैसे नसतात. पुढे दुकानदाराची उधारीची वही भरते, खोलीभाडं पुढच्या महिन्यावर जातं, आणि जूनमध्ये शाळेचा खर्च उभा राहतो. त्या दिवशी कपाटातली सोन्याची डबी बाहेर निघते.

म्हणून सोनेतारण कर्जाकडे मंदीतली एक सेवा म्हणून नीट पाहायला हवं. मिळायला ते सोपं आहे. पगाराची स्लिप लागत नाही, जामीनदार लागत नाही, सिबिल स्कोअर बिघडलेला असला तरी सहसा अडत नाही. पण बहुतेक जण खिडकीवर जाऊन पहिला प्रश्न विचारतात, "ग्रॅमला किती देता?" जाहिरातीही तेवढंच सांगतात. कामगाराच्या दृष्टीनं हा प्रश्न उलटा आहे. आपल्याला लागणारी रक्कम सोडवेपर्यंत एकूण व्याज किती पडेल आणि दागिना कसा परत मिळेल, हे विचारायचं.

खिडकीपलीकडे दागिन्याचं काय होतं

एक जुनं मंगळसूत्र घेऊ. काट्यावर एकूण वजन 22.400 ग्रॅम. काळे मणी आणि दोरा यांची वजावट 4.400 ग्रॅम. निव्वळ सोनं 18 ग्रॅम. हॉलमार्कच्या आधीचा माल असल्यानं टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, 20 कॅरेट निघाला. म्हणजे 22 कॅरेटच्या हिशेबात 16.36 ग्रॅम. हिशेब सोपा जावा म्हणून भाव ग्रॅमला 10,000 रुपये धरला तर किंमत झाली 1,63,600 रुपये. घडणावळ आणि खडे यांना शून्य किंमत. घरी आपण "सव्वादोन तोळ्यांचं मंगळसूत्र" म्हणतो, तारणाच्या वहीत ते जेमतेम एक तोळा सहा ग्रॅम उरतं. यात सहसा फसवणूक नसते, मात्र वजावटीचा आकडा आपल्यासमोर लिहिला गेला पाहिजे.

सगळ्यात जास्त वाद बोरमाळ, ठुशी आणि पोकळ पाटल्यांवर होतात. बोरमाळेच्या मण्यात पातळ पत्र्याच्या आत लाख भरलेली असते. न फोडता लाखेचं वजन अचूक कळत नाही, म्हणून मूल्यांकन करणारा आपली बाजू राखून वजावट धरतो. शिवाय कॅरेटमीटर, म्हणजे शुद्धता मोजणारं यंत्र, पृष्ठभागच वाचतो आणि कसोटीच्या दगडावरही वरचाच कस उतरतो, त्यामुळे जोडकामातल्या डाकामुळे (सांधायला वापरलेल्या धातूमुळे) आकडा इकडेतिकडे होतो. शक्य असेल तर तारणाला भरीव आणि साधा दागिना न्यावा: बांगडी, वेढणी, गोफ. सहा अक्षरी एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) असलेला हॉलमार्कचा दागिना असेल तर टंचावरून वाद होतच नाही. 916 म्हणजे 22 कॅरेट, 833 म्हणजे 20. बिस्किट किंवा लगड तारण घेतली जात नाही. नाण्यांना मिळून 50 ग्रॅमची मर्यादा आहे.

रिझर्व्ह बँकेनं जून 2025 मध्ये यासाठी सविस्तर निर्देश काढले आणि ते 1 एप्रिल 2026 पर्यंत लागू करणं सगळ्या बँका आणि वित्त कंपन्यांना बंधनकारक केलं. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा. भाव धरताना मागच्या 30 दिवसांची सरासरी आणि आदल्या दिवशी बाजार बंद होतानाचा भाव यातला कमी असेल तो धरतात. तपासणीच्या वेळी कर्जदार समोर हवा. एकूण वजन, निव्वळ वजन, टंच, वजावट, दागिन्याचा फोटो आणि किंमत लिहिलेला दाखला त्याला मिळायला हवा, आणि अटी त्याला कळणाऱ्या भाषेत सांगायला हव्यात. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या 85 टक्के, अडीच ते पाच लाखांना 80 आणि त्यावर 75 टक्के ही कमाल मर्यादा आहे.

इथे एक बारकावा. वर्षाअखेर मुद्दल आणि व्याज एकदम भरायचं असेल, तर ही मर्यादा वर्षाअखेरच्या एकूण देण्याला लागते. वरच्या मंगळसूत्राच्या 85 टक्के होतात 1,39,060 रुपये. व्याज 12 टक्के धरलं तर आज हातात येणारी रक्कम सुमारे 1,24,000. खिडकीवरचा माणूस फलकापेक्षा कमी रक्कम सांगतो, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

चार खिडक्या

राष्ट्रीयीकृत बँक. व्याज सगळ्यात कमी, साधारण वर्षाला 9 ते 10 टक्क्यांच्या आसपास. उणीव वेळेची. प्रत्येक शाखेत तपासणारा सराफ रोज बसत नाही. तो पॅनलवरचा असतो आणि ठरलेल्या वेळीच येतो. पहिल्या पाळीच्या कामगाराची त्यात अर्धी सुट्टी जाते, आणि आधी फोन न करता गेलं तर दुसरी फेरी पडते. तरीही तीन-चार महिन्यांहून जास्त काळ पैसे लागणार असतील तर ही फेरी वसूल होते.

सोनेतारण वित्त कंपनी. अर्ध्या-पाऊण तासात पैसे खात्यात, शनिवारीही शाखा उघडी, वागणूक सहसा चांगली. आजारपण किंवा अचानक आलेली अडचण असेल तर ही सोय खरोखर मोलाची आहे. पण व्याजाची पट्टी डोळ्यात तेल घालून वाचायची. फलकावर "महिना एक टक्का" असतं आणि खाली अट असते की व्याज दरमहा भरलं तरच. तीन महिने थकलं की दर चढतो, सहा महिन्यांनी आणखी चढतो, आणि काही योजनांत चढलेला दर पहिल्या दिवसापासून लावतात. 12 टक्क्यांचं कर्ज असं 24 टक्क्यांचं होतं. सही करण्यापूर्वी मुख्य तथ्य विवरणपत्र (केएफएस, की फॅक्ट्स स्टेटमेंट) मागा. ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांना ते सक्तीचं आहे. त्यात प्रक्रिया शुल्क आणि मूल्यांकन शुल्क धरून वार्षिक टक्केवारी दर लिहिलेला असतो. दोन संस्थांची तुलना करायची तर याच आकड्यावर करा. आणि 20,000 च्या वरची रक्कम कुणी रोखीनं देऊ करत असेल तर तिथून उठा.

पतसंस्था. चाळीतल्या, वस्तीतल्या माणसाला ही जवळची वाटते. संचालक ओळखीचे, कागद मराठीत, आणि हप्ता चार दिवस पुढे-मागे झाला तर समजून घेतात. मंदीत हा शेवटचा गुण फार मोठा आहे. मात्र पतसंस्था सहकार खात्याच्या नियंत्रणाखाली येते. वर सांगितलेले रिझर्व्ह बँकेचे निर्देश तिला लागू नाहीत. त्यामुळे टक्केवारी, लिलावाची पद्धत, दागिना परत करण्याची मुदत हे सगळं संस्थेच्या पोटनियमांवर. लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता, तारणाचं सोनं कुठे ठेवतात, त्याचा विमा आहे का, हे तीन प्रश्न न लाजता विचारा.

सावकार. परवाना असेल तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली शेतकरी नसलेल्या कर्जदाराला तारणावर वर्षाला 15 टक्के ही कमाल मर्यादा आहे, आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. आपला जुना दामदुपटीचा नियम तो हाच. परवाना नसलेला मात्र "शेकडा पाच" म्हणतो तेव्हा ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला 60 टक्के. चिठ्ठीवर "1 नग पिवळी बांगडी" एवढंच लिहिलेलं असतं. वजन नाही, टंच नाही. अशा चिठ्ठीवर दागिना मागायला गेल्यावर कुठलाही दागिना पुढे केला तरी आपल्याला काही सिद्ध करता येत नाही. ही खिडकी टाळा.

किती उचलायचं

ओव्हरटाइम धरून हातात 26,000 येत होते, ते 18,000 झाले. काटकसर करूनही घरखर्च 23,000 च्या खाली येत नाही. महिन्याला 5,000 ची खोट, चार महिन्यांचे 20,000, वर शाळेचे 10,000. गरज 30,000 ची आहे. सहा महिन्यांत यावर बँकेच्या 10 टक्क्यांनी 1,500 रुपये व्याज होतं, 24 टक्क्यांनी 3,600, आणि शेकडा पाचनं 9,000.

आता तेच मंगळसूत्र ठेवून मिळतात म्हणून 1,24,000 उचलले आणि 24 टक्क्यांत गेले, तर वर्षाचं व्याज 29,760. म्हणजे मूळ गरजेएवढं नुसतं व्याजात. मंदीत खिडकीवर जास्त पैसे मिळतात हीच अडचण आहे. सोन्याचा भाव चढलेला असतो, समोरचा माणूस प्रेमानं "आणखी बसतात, देऊ का?" विचारतो, आणि आधीची उधारी, गाडीचा हप्ता, भावाची अडचण सगळं त्यात घुसतं.

तीस हजारांसाठी, वर धरलेल्या भावानं, नियमाप्रमाणे 22 कॅरेटचं चार ग्रॅम सोनं पुरतं. तरी आठ-दहा ग्रॅमची एक बांगडी ठेवा, म्हणजे भाव पडला तरी धक्का लागत नाही. ऑगस्ट 2020 मध्ये करोनाच्या काळात बँकांना किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा मिळाली होती, 31 मार्च 2021 पर्यंत. त्याच ऑगस्टमध्ये 10 ग्रॅमला 56 हजारांच्या वर गेलेला भाव मार्च 2021 मध्ये 45 हजारांच्या आसपास उतरला. शिखरावर काठोकाठ उचललेल्या कर्जापेक्षा दागिन्याचीच किंमत कमी झाली. अशा वेळी संस्था जादा रक्कम किंवा जादा सोनं मागते, आणि नेमकं तेव्हाच घरात दोन्ही नसतं.

दोन दागिने ठेवायचे असतील तर दोन वेगळी खाती करा. एका खात्यात सगळं बांधलं की पूर्ण रक्कम फिटेपर्यंत एकही नग सुटत नाही. वेगळी असतील तर बोनस आला की एक बांगडी घरी येते. आणि मुदत वर्षाची असली तरी व्याज दरमहा भरा: 30,000 वर 10 टक्क्यांनी ते 250 रुपये होतं. वर्षाअखेर नूतनीकरण करायचं तर साचलेलं व्याज आधी भरावंच लागतं. ते एकदम 3,000 जमवणं ब्रेकवर असलेल्या माणसाला जमत नाही, आणि बहुतेक दागिने लिलावाच्या यादीत जातात ते याच टप्प्यावर.

लिलाव आणि सोडवणूक

लिलावाची नोटीस आली तर ती फोडून वाचा, पत्ता बदलला असेल तर आधीच लेखी कळवा. गावाकडच्या पत्त्यावर गेलेली नोटीस खोलीवर राहणाऱ्याला कळतच नाही, हे वारंवार होतं. बँक किंवा वित्त कंपनीला लिलावाची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं. राखीव किंमत, म्हणजे लिलावातली किमान बोली, चालू किमतीच्या 90 टक्क्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही. दोन लिलाव फसले तरच 85. देणं वळतं करून उरलेली रक्कम सात कामकाजाच्या दिवसांत कर्जदाराला परत द्यायची असते. ही शिल्लक मागायला बरेच जण जातच नाहीत. दागिना गेला म्हणजे सगळं संपलं असं धरून बसतात. जाऊन लेखी हिशेब मागा.

पूर्ण रक्कम भरली की दागिना त्याच दिवशी, फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळाला पाहिजे. संस्थेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाईची तरतूद आहे. पाकीट घेऊन घाईनं बाहेर पडू नका. सीलवरची आपली सही पाहा, पाकीट काउंटरवरच फोडा, दागिना काट्यावर ठेवायला सांगा आणि दाखल्यावरच्या एकूण वजनाशी जुळवा. मंगळसूत्र असेल तर दोन्ही वाट्या आणि पदरातले सोन्याचे मणी मोजा, बांगडीचा आकार चेपला नाही ना ते बघा, आणि मगच "मिळाले" असं लिहून सही करा.