खोलीत वटवाघूळ, अंगावर खूण नाही, तरी रेबीजची लस घ्यायची का? लसीकरण केंद्राचा आमचा अनुभव (साडेचार स्टार)

रेटिंग आधीच देऊन टाकते. पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो रविवारसाठी, ते पुढे येईलच. आणि साडेचार का, तर आम्ही घरातली चार माणसं गेलो होतो आणि त्यांनी दोघांनाच इंजेक्शन दिलं, दोघींना नीट समजावून तसंच घरी पाठवलं. मला वाटलेलं एक तर सगळ्यांना टोचतील नाहीतर सगळ्यांना हाकलतील. त्यांनी दोन्ही केलं नाही, एकेकाला समोर बसवून विचारलं आणि मग ठरवलं.

झालं असं की बुधवारी रात्री मी हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसले होते, दोन वाजून गेले असतील. बेडरूममध्ये नवरा आणि पाच वर्षांची लेक झोपलेले, सासूबाई त्यांच्या खोलीत. आतून काहीतरी फडफडल्यासारखं आणि बारीक चिरचिर असं ऐकू आलं म्हणून गेले, लाईट लावला, तर पडद्याच्या चुणीत एक एवढंसं तपकिरी वटवाघूळ लटकलेलं, माझ्या अंगठ्यापेक्षा जरा मोठं, पंख मिटलेले आणि कान हलतायत. बरोबर लेकीच्या उशीच्या वर. मी टॉवेल हातात घेतला, खिडकी सताड उघडली, पडदा हलवला आणि ते थेट बाहेर गेलं. हुश्श झालं मला. इथेच मी चूक केली हे मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि मनाला फार लागलं, कारण ते वटवाघूळ पकडून ठेवलं असतं तर पुढचा सगळा प्रश्न एका तपासणीत सुटला असता.

नवऱ्याला उठवलं, लेकीला उलटंसुलटं करून बघितलं, मान, कानामागे, बोटांच्या बेचक्यात, काही नाही. सासूबाई उठून आल्या, म्हणाल्या अगं पाकोळी असेल, ती कुठे चावते, झोपा आता. पण मला झोप लागेना, मी वाचत बसले. २०२१ मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या ऐंशीच्या पुढच्या एका गृहस्थांना जाग आली तेव्हा वटवाघूळ मानेवर होतं, ते तपासलं तर रेबीज पॉझिटिव्ह निघालं, त्यांनी उपचार नको म्हटलं, महिन्याभराने लक्षणं दिसायला लागली आणि ते गेले. हे वाचल्यावर मी लेकीच्या बाजूला जाऊन बसले ती सकाळपर्यंत.

सकाळी आधी जवळच्या एका दवाखान्यात गेलो, नाव लिहीत नाही. तिथे विचारलं चावलंय का, मी म्हटलं माहीत नाही, खूण नाही. म्हणे खूण नाही म्हणजे चावलं नाही, उगाच पॅनिक होऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, दोन मिनिटांत विषय संपला. मला राग आला तो या दोन मिनिटांचा. कुत्रा चावला की दिसतं, रक्त येतं, मग कुणी वाद घालत नाही. या छोट्या वटवाघळांचे दात सुईच्या टोकासारखे असतात, ओरखडा किंवा चावा इतका बारीक असू शकतो की दिसतच नाही किंवा थोड्या वेळात मिटून जातो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येईलच असंही नाही. म्हणजे खूण नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि हे डॉक्टरला मी सांगायचं का?

मग या केंद्राला फोन लावला. फोनवर ज्या सिस्टर होत्या त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं, "ताई, आजच या, पण धावत येऊ नका." म्हणजे ही गोष्ट टाळायची नाही पण मिनिटामिनिटाचीही नाही, रेबीजचा विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे जातो, बहुतेक वेळा लक्षणं दिसायला एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून कमी कधी जास्त, आणि लक्षणं यायच्या आत उपचार पूर्ण ताकदीने सुरू करायचे असतात कारण लक्षणं आल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. त्यांनी निघायच्या आधी नवरा आणि लेक दोघांचे हात, मान, चेहरा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायला सांगितलं. खूण नसली तरी धुवा म्हणाल्या, त्याने नुकसान तर काही नाही. एवढ्या फोनवर माझे हात थरथरायचे थांबले, खरंच.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टर मॅडमनी आम्हाला सगळ्यांना एकत्र न विचारता एकेकाला विचारलं. मला: तुम्ही त्या खोलीत झोपला होतात का? नाही. टॉवेल हातात असताना ते हाताला, केसांना, कुठे लागलं का? नाही, पडद्यावरून उडालं ते सरळ बाहेर. खात्री आहे? हो, लाईट चालू होता, मी बघत होते. मग तुम्हाला गरज नाही. सासूबाईंना: खोलीचं दार बंद होतं का, खाली फट आहे का (मॅडम म्हणाल्या बोटभर फटीतूनही ही शिरतात), रात्री काही जाणवलं का. दार बंद, खाली उंबरा आहे, फट नाही. त्यांनाही गरज नाही. सासूबाई जाम खूश झाल्या, त्यांच्या डोक्यात अजून ती पोटातली चौदा इंजेक्शनं बसलेली होती. ती कधीच बंद झाली, आता हातावर देतात.

नवऱ्याला विचारलं झोप किती गाढ होती, काही औषध, दारू? त्याने सर्दीची गोळी घेतली होती, ज्याने झोप येते ती. मी दोनदा हाक मारल्यावर उठला होता हेही मी सांगितलं. आणि लेकीचं तर काय, पाच वर्षांची पोर, काही लागलं का विचारलं तर आधी हो म्हणते मग नाही म्हणते. मॅडम म्हणाल्या, "मी एकच बघते. अंगाला लागलं नाही असं खात्रीने सांगणारं कुणी आहे का? तुमच्या दोघींच्या बाबतीत आहे. या दोघांच्या बाबतीत नाही." झोपलेलं माणूस, लहान मूल, नशेत असलेलं किंवा स्वतः सांगू न शकणारं माणूस, त्यांच्या खोलीत वटवाघूळ सापडलं तर स्पर्श झाला असू शकतो असं धरून चालायचं. आणि जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाचा थेट संपर्क सगळ्यात वरच्या, म्हणजे तिसऱ्या वर्गात टाकते, त्यात लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) दोन्ही येतं.

आणि त्यांनी घाबरवलं पण नाही हे मला सगळ्यात आवडलं. नवऱ्याने सरळ विचारलं, मॅडम खरंच एवढा धोका आहे का. त्या म्हणाल्या धोका खूपच कमी आहे, तपासणीला आणलेल्या वटवाघळांमध्ये सुद्धा अमेरिकेत शंभरातली सहाएक पॉझिटिव्ह निघतात, आणि ती आजारी, पडलेली, माणसाच्या हाती लागलेली असतात, बाहेर उडणाऱ्यांत प्रमाण आणखी कमी. कॅनडातल्या संशोधकांनी २००९ मध्ये हिशोब मांडला होता की नुसतं खोलीत वटवाघूळ सापडलं, स्पर्श कळला नाही, अशा ३ लाख १४ हजार ते २७ लाख लोकांना उपचार द्यावे तेव्हा एक केस टळेल. त्यामुळे सरसकट सगळ्या घराला टोचायचं का यावर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. पण मग त्यांनीच दुसरी बाजूही सांगितली, त्याच कॅनडात ऑन्टारिओमध्ये २०२४ ला एक मूल गेलं, खोलीत वटवाघूळ सापडलं होतं, आईवडिलांनी अंगावर खूण शोधली, दिसली नाही, म्हणून उपचार केले नाहीत. त्या प्रांतात तिथेच लागण झालेली १९६७ नंतरची ती पहिली केस. हे ऐकल्यावर नवऱ्याने बाही वर केली.

मी विचारलं सगळीकडच्या वटवाघळांत रेबीज असतो का. तर कुत्र्यांमधला जो नेहमीचा विषाणू, तोच वटवाघळांमध्ये आढळतो तो अमेरिका खंडात, बाकी ठिकाणी त्याच्या नात्यातले विषाणू असतात, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये एक सापडला, त्याने माणसं दगावली आहेत, आणि त्यावरही हीच लस आणि हेच उपचार देतात. त्यामुळे कुठल्या भागातलं वटवाघूळ हे डॉक्टर विचारणारच, त्यांना सगळं सांगा. जगात रेबीजचे बहुतेक मृत्यू कुत्र्यामुळेच होतात हेही त्या म्हणाल्या.

पकडलं असतं तर काय झालं असतं तेही समजावलं. जाड हातमोजे घालायचे, उघड्या हाताने कधीच नाही, ते भिंतीवर शांत बसलं की वरून डबा ठेवायचा आणि खालून पुठ्ठा सरकवायचा, डब्याला बारीक भोकं पाडायची, आणि आरोग्य विभागाला कळवायचं. डोकं चेचू द्यायचं नाही कारण तपासणी मेंदूची होते. निगेटिव्ह आलं तर एकही इंजेक्शन लागत नाही. मी तर खिडकी उघडून मोकळी झाले होते. मॅडम काही बोलल्या नाहीत त्यावर, फक्त म्हणाल्या पुढच्या वेळी लक्षात राहील.

इंजेक्शनांबद्दल. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार अँटिबॉडी, लस काम करायला लागेपर्यंत मधले दिवस सांभाळायला, आणि ती वजनावर असते, किलोला २० युनिट. लेक १८ किलोची, म्हणजे ३६० युनिट, त्यांच्याकडच्या बाटलीत एका एमएलला १५० युनिट होते म्हणजे अडीच एमएलपेक्षा थोडं कमी. सिस्टरनी कागदावर हिशोब करून मला दाखवला, मग दुसऱ्या सिस्टरला दाखवला, मगच भरलं. नवरा ७४ किलोचा, त्याचं जवळजवळ दहा एमएल, ते दोन्ही मांड्यांत विभागून दिलं. जखम असती तर जेवढं मावेल तेवढं जखमेतच आणि भोवती भरतात, इथे जखमच सापडत नाही म्हणून मांडीत, आणि लस लांब, दंडावर. दुखलं दोघांना, मांडी दोन दिवस जड होती, लेकीला रात्री कणकण आली, बाकी काही नाही. लेक रडली तेव्हा सिस्टरनी घाई केली नाही, तिच्या हातात रिकामी सिरींज (सुई नसलेली) दिली, तिने आधी माझ्या दंडाला टोचली, मग स्वतः बसली.

लसीच्या तारखा ०, ३, ७, १४. शून्य म्हणजे पहिला डोस ज्या दिवशी घेतला तो दिवस, वटवाघूळ सापडलं तो नाही, यात बरेच जण गोंधळतात म्हणे. प्रतिकारशक्ती कमी असेल तर २८ व्या दिवशी पाचवा. काही ठिकाणी पद्धत वेगळी असते, कातडीत देतात, डोस कमीजास्त असतात, पण एक पद्धत धरली की ती पूर्ण करायची.

आता अर्ध्या स्टारचं. गुरुवारी सुरुवात म्हणजे तिसरा दिवस रविवार, आणि रविवारी हे केंद्र बंद. तारखा देताना हे कुणीच बोललं नाही, मला कॅलेंडर बघून कळलं. इमर्जन्सीत जा म्हणाले. तिथे तीन तास बसलो, आणि जो मुलगा इंजेक्शन द्यायला आला त्याने लेकीला पालथं झोपवायला सांगितलं, कमरेखाली देतो म्हणून. मी कार्ड पुढे केलं, त्यावर डॉक्टर मॅडमनी लाल पेनाने लिहिलेलं, "फक्त दंड. कुल्ल्यात नाही." तिथे चरबी जास्त असते, लस नीट लागू पडत नाही, म्हणून रेबीजची लस तिथे कधीच देत नाहीत. त्याने कार्ड वाचलं, सिनियरला फोन केला, सॉरी म्हटलं आणि दंडावर दिलं. त्या मुलावर माझा राग नाही, त्याने ऐकलं. पण ते लाल पेनातलं वाक्य नसतं तर मी ओळखलं असतं का? ज्या केंद्राला माहीत आहे की गुरुवारी सुरू केलं की तिसरा दिवस हमखास सुट्टीवर येणार, त्यांनी रविवारी दोन तास तरी एक सिस्टर बसवावी. हे मी त्यांच्या वहीत पण लिहून आले.

सातवा आणि चौदावा डोस केंद्रातच, वीस मिनिटांत बाहेर. चौदाव्या दिवशी मॅडमनी कार्डावर पूर्ण झाल्याचा शिक्का मारला आणि म्हणाल्या हे जपून ठेवा, पुन्हा कधी कुत्रा, मांजर, वटवाघूळ काहीही झालं तर या दोघांना फक्त दोन डोस, शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी, इम्युनोग्लोब्युलिन नाही. पण कार्ड दाखवता आलं पाहिजे. लेकीचं तिच्या लसीकरणाच्या फाईलमध्ये लावलंय, नवऱ्याचं पासपोर्टसोबत, आणि दोन्हींचे फोटो सासूबाईंच्या फोनमध्ये सुद्धा आहेत, त्यांनी स्वतःहून मागितले.