टीझेडडेटा वर्षभर वापरल्यावर: डेटा एक नंबर, पण प्रतींनी जीव खाल्ला

परवा होस्टिंगवाल्यांनी काही न कळवता डेटाबेसची इमेज, म्हणजे सर्व्हरवरचा तयार सॉफ्टवेअर संच, बदलली आणि सकाळीच मार्केट यार्डातल्या हळदवाल्यांचा फोन, अहो सॉफ्टवेअर उघडंना झालंय. लॉग बघितला तर आमचं डेटाबेस सॉफ्टवेअर पोस्टग्रेस कनेक्शनच घेत नव्हतं, कारण काय तर टाइमझोन पॅरामीटरला 'एशिया/कलकत्ता' ही व्हॅल्यू चालत नाही. कलकत्ता! आम्ही सांगलीत, गिऱ्हाईक सांगलीत, आणि हे नाव आमच्या कोडमध्ये शोधून सापडत नाही.

आमचं काम म्हणजे हळद, बेदाणा, द्राक्ष बाहेर पाठवणाऱ्यांचं सॉफ्टवेअर, त्यामुळं टीझेडडेटा, म्हणजे जगभरच्या घड्याळांचे नियम लिहिलेल्या टाइमझोनच्या फुकट फायली, रोजच्याच. झालं असं की दुकानातली पीसी सगळी विंडोजची, विंडोजवरचं जावा (आमचं ॲप ह्या भाषेत आहे) भारतीय वेळेला अजून एशिया/कलकत्ता असंच नाव देतं, आणि जावाला पोस्टग्रेसशी जोडणारा ड्रायव्हर कनेक्ट होतानाच ते नाव सर्व्हरला पाठवून मोकळा होतो. इतके दिवस चालत होतं. नव्या इमेजमधल्या डेबियन १३ ह्या लिनक्समध्ये मात्र ही जुनी नावं टीझेडडेटा-लेगसी नावाच्या वेगळ्या पॅकेजात ठेवलीयत आणि डेबियनचं पोस्टग्रेस स्वतःचा डेटा न वापरता सिस्टिमचा वापरतं, म्हणजे ते पॅकेज टाकलेलं नसेल तर कलकत्ता ओळखतच नाही. उपाय एका ओळीचा आहे, एकतर सर्व्हरवर ते पॅकेज टाका, नाहीतर जावा सुरू करताना युजर डॉट टाइमझोनला एशिया/कोलकाता द्या. सर्व्हर आमच्या हातात नाही म्हणून होस्टिंगवाल्यांना तिकीट टाकलं, उत्तर आलं की तुमच्या ॲप्लिकेशनचा प्रॉब्लेम आहे, आणि तिकीट बंद. परत उघडलं तर म्हणे असलं काम प्रीमियम सपोर्टमध्ये येतं, त्याचे महिन्याला वेगळे पैसे. फुकटचं पॅकेज टाकायला पैसे! मी नाही दिले आणि देणारपण नाही. आमच्या ॲपचं अपडेट काढलं, ज्यांचं नेट धड नाही त्यांच्याकडं तासगावपर्यंत जाऊन हातानं टाकलं.

आता डेटाबद्दल. ह्याच्या तोडीचं फुकट काही नाही, हे मी अगदी मनापासून सांगतोय. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलं, नंतर पॉल एगर्ट सांभाळतायत, आणि सगळा मिळून कॉम्प्रेस केल्यावर अर्धा एमबीपण होत नाही. द्राक्षवाल्यांना तर ह्याचं मोल पक्कं कळतं, कारण युरोपचं घड्याळ पुढं जातं मार्चच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे ऐन सीझनमध्ये. यूटीसी ह्या जागतिक प्रमाणवेळेनुसार एक वाजता, म्हणजे आपल्याकडं सकाळी साडेसहाला. आदल्या दिवशीपर्यंत रॉटरडॅम बंदर आपल्यापेक्षा साडेचार तास मागं, त्या दिवसापासून साडेतीन. कंटेनर उतरायची वेळ, खरेदीदाराचा कॉल, सगळं एका तासानं सरकतं. फाइलमध्ये ह्यासाठी नियमाच्या जेमतेम दोन ओळी, एक मार्चची एक ऑक्टोबरची, आणि पुढं लिहिलंय 'मॅक्स', म्हणजे नवा निर्णय होईपर्यंत हेच धरा.

मोरोक्कोचं बघा अजून. तिथं वर्षभर यूटीसी अधिक एक असतं आणि रमजानात घड्याळ एक तास मागं घेतात. रमजान दरवर्षी सरकतो, मग ह्या लोकांनी २०८७ पर्यंतच्या तारखांचा अंदाज आधीच फाइलमध्ये भरून ठेवलाय. आमच्या एका हळदवाल्याचा माल तिकडं जातो, त्याला रमजानात साडेपाच तासांचा फरक आणि एरवी साडेचारचा, हे सॉफ्टवेअर बरोबर दाखवतं. त्यासाठी मला एक ओळ लिहावी लागली नाही.

फायलींतल्या कॉमेंट सुरुवातीला मला नुसता पसारा वाटायचा, आता मी त्याच आधी वाचतो. भारताच्या नोंदीत दिसतं की १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ युद्धामुळं आपलं घड्याळ एक तास पुढं होतं, म्हणजे यूटीसी अधिक साडेसहा. पत्रिकेचं सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवाच, त्या काळात जन्मलेल्या माणसाची वेळ तासभर चुकली की लग्नरास बदलू शकते. पण अख्ख्या भारताला एकच झोन आहे आणि प्रोजेक्टचा भर १९७० नंतरच्या वेळा बरोबर ठेवण्यावर आहे, म्हणून स्वातंत्र्याआधीच्या मुंबई टाइमची वगैरे अपेक्षा ह्या नोंदीकडून धरू नका.

आता माझं खरं दुखणं, प्रती. एका मशीनवर हा डेटा किती ठिकाणी पडलेला असतो बघा, सिस्टिमची एक, जावाची स्वतःची, नोडमध्ये (जावास्क्रिप्ट चालवणारं) आयसीयू ह्या लायब्ररीबरोबर आलेली, पीएचपीची वेगळी, पायथनमध्ये जुनी पायटीझेड लायब्ररी असेल तर तिची अजून एक. सिस्टिम अपडेट केली म्हणजे सगळं अपडेट झालं असं होत नाही, जावाची प्रत जावाबरोबरच म्हातारी होते. मार्च २०२३ मध्ये लेबनॉननं घड्याळ पुढं करायचं ऐनवेळी लांबवलं, ते डेटाच्या २०२३बी ह्या आवृत्तीत आलं, तिकडं गोंधळ उडून निर्णय मागं घेतला गेला, लगेच २०२३सी काढावं लागलं. ज्याच्या एका प्रतीत बी आणि दुसरीत सी राहिलं असेल त्यानं काय करायचं? एकाच प्रोग्रॅममध्ये दोन वेळा! ह्याच्यावर मी घरी, ऑफिसात, चहाच्या गाड्यावर सगळीकडं बोलून झालंय आणि तरी बोलतो, कारण प्रत्येक भाषावाल्यानं आपली प्रत कुठल्या आवृत्तीची आहे हे सुरू होतानाच लॉगमध्ये छापायला काय हरकत आहे. सध्या आपणच काढायचं, नोडमध्ये प्रोसेस डॉट व्हर्जन्स डॉट टीझेड, पीएचपीत टाइमझोन व्हर्जन गेट, लिनक्सवर टीझेडडेटा डॉट झेडआय फाइलची पहिली ओळ. आमच्याकडं हे तिन्ही आता रोज सकाळी आपोआप तपासले जातात.

जुनी नावं वेगळ्या पॅकेजात काढण्यावर मी ह्या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात भरपूर शिव्या घातल्या होत्या, त्या काढून टाकल्या. कारण मूळ टीझेड प्रोजेक्टनं नाव पुसलेलंच नाही, 'बॅकवर्ड' नावाच्या फाइलीत कलकत्ता हे कोलकात्याची लिंक म्हणून अजून शाबूत आहे, तिथं जुनी नावं सहसा टाकून देत नाहीत. डेबियननंपण डेटा फेकला नाही, बाजूला ठेवला. शहराचं नाव २००१ ला बदललं आणि विंडोजवरचं जावा अजून जुनंच पाठवतंय, तर साफसफाई कुणीतरी सुरू करायलाच पाहिजे. राग राहिलाच असेल तर इमेज बदलल्यावर गिऱ्हाइकाला दोन ओळींचा मेल न पाठवणाऱ्यांवर.

काही जण म्हणतात कटकट कशाला, पैसे भरून टाइमझोनची एपीआय, म्हणजे नेटवरून वेळ विचारायची सेवा, घ्या. महिन्याला डॉलरमध्ये पैसे, वर जीएसटीची भानगड, आणि नेट गेलं की वेळच नाही, बेदाण्याचा सौदा चालू असताना हे परवडणारं नाही. आणि वेळेच्या नियमांसाठी तेपण बहुतेक ह्याच फायली वाचत असणार. २०११ मध्ये ह्या डेटावर कॉपीराइटचा दावा लावून ओल्सन आणि एगर्ट दोघांना कोर्टात खेचलं होतं, तेव्हा थोडे दिवस सगळं बंद पडायची वेळ आली, मग इंटरनेटचे पत्ते-नावं सांभाळणाऱ्या आयाना संस्थेनं होस्टिंग घेतलं आणि २०१२ मध्ये दावा मागं घेतला गेला. ती माणसं तेव्हा कंटाळून बसली असती तर आज आपण प्रत्येक देशाच्या वेळेचे पैसे मोजत असतो. मी त्यांच्या मेलिंग लिस्टवर नवीन आवृत्तीची सूचना लावून घेतलीय, तुम्हीपण लावा, मेल अगदी मोजके येतात.

होस्टिंगचं म्हणाल तर द्राक्षाचा सीझन सुरू व्हायच्या आत बदलतोय. दोन ठिकाणी विचारलंय, किंमत नंतर, आधी एवढंच की पॅकेज आमचं आम्हाला टाकता येतं का आणि इमेज बदलायच्या आधी कळवता का. एकानं दोन्हीला हो म्हटलंय आणि लेखी मागितलं तर तेपण दिलंय, बहुतेक तिथंच जाऊ.